तराजूची साक्ष तराजूच देतो

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद (नॅक) १९९४ साली स्थापन झाली. पुढे बी.एड. महाविद्यालयेही आपल्या दर्जाचा अहवाल आपणच लिहू लागली. सात निकषांच्या या जाडजूड अहवालांत चर्चासत्रे, ग्रंथसंख्या, संगणक, निकालाची टक्केवारी सारे असते. शाळेतले मूल मात्र शोधावे लागते.

सराव पाठाचेच पाहा. छात्राध्यापिका ‘तरंगणे व बुडणे’ शिकवते. निरीक्षक प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, साधनांचा वापर यांना गुण देतात. बेरीज छान होते! पण ‘जड वस्तू बुडतात’ असे तासाआधी म्हणणारी मुले तासानंतरही तेच म्हणत असतील, तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे? प्रयोगशाळेत आम्ही तराजू प्रमाणित वजनांनी तपासतो. ‘तू बरोबर आहेस ना?’ असे त्यालाच विचारत नाही. बाहेरची समितीही पाहणी करते हे खरे, पण तिच्यापुढेही मुख्यतः कागदच येतात.

न्या. वर्मा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला, २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, शाळेतला सरावही वाढला. रकाना कोराच.

आमची सूचना बिनखर्चाची आहे. पाठाआधी आणि पाठानंतर आठवड्याने त्याच वर्गाला एकच प्रश्न विचारावा: खिळा बुडतो, मग लोखंडी जहाज का तरंगते? मुलांची उत्तरे चुकांसकट अहवालाला जोडावीत. पहिल्या वर्षी ती लाजिरवाणी असतील. श्रेणी देणाऱ्यांनी त्यासाठी गुण कापू नयेत, नाहीतर पुढच्या वर्षी सगळीच उत्तरे बरोबर येतील.