एका जुन्या गोष्टीविषयी तक्रार

गोष्ट आपणां सर्वांना पाठ आहे. मेंढरे राखणारा पोर गंमत म्हणून 'लांडगा आला रे आला' अशी आरोळी ठोकतो, गाव धावून येते आणि फसते. पुढे खराच लांडगा येतो तेव्हा कोणी हलत नाही. इसापाची म्हणून ती आपल्याकडे आली आणि इतकी रुळली की तिची आरोळी मराठीत म्हणच होऊन बसली. परवा नातवाला ती सांगत होतो. त्याने मध्येच विचारले, "पण आजोबा, तोवर लांडगा कुठं होता?" मला उत्तर सुचेना. पन्नास वर्षे जी गोष्ट मी निर्दोष मानली, तिचे वैगुण्य त्या प्रश्नाने उघडे पडले.

रचनेच्या दृष्टीने गोष्ट बांधेसूद आहे, यात शंका नाही. आरोळी तीच, पण दर वेळी तिचे मोल निराळे. पोराला स्वभाव आहे, गावकऱ्यांना राग आहे. लांडग्याला मात्र काहीच नाही. खोटेपणाची शिक्षा म्हणून तो उगवतो आणि काम उरकून नाहीसा होतो. किपलिंगने १८९४ च्या 'जंगल बुक'मध्ये त्याला घर दिले, पिले दिली. पण ठेवले जंगलातच. आपला लांडगा राहतो उघड्या माळावर, माणसांच्या शेजारी.

'आला' हे क्रियापद त्याला परका ठरवते. वास्तविक १८३१ साली कर्नल साइक्सने या जातीची शास्त्रीय नोंद केली, तीच मुळी दख्खनच्या लांडग्यावरून. अलीकडे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर अभ्यासकांनी लांडग्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून त्यांचा माग काढला. या माळांवरचा लांडगा दिवसा झुडपांत, ओघळीत, प्रसंगी उभ्या पिकातही दडून राहतो आणि माणसांची वर्दळ थांबली की बाहेर पडतो. काळवीट, ससा मिळाला तर उत्तम. नाहीतर शेळीमेंढी किंवा मेलेले जनावर. पिले थंडीत, बिळात वाढतात. महाराष्ट्राच्या मोठ्या मुलखाची एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिथे राखीव अभयारण्ये फारच थोडी, तरी निम्म्याहून अधिक मुलखात लांडग्याचा वावर आढळला. आपल्या वेळा पाहून त्याने आपल्या वेळा ठरवल्या. आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

भीती अगदीच खोटी, असे मी म्हणणार नाही. १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशात आणि २०२४ साली बहराइचकडे लहान मुले बळी गेली. त्या आयांपुढे कोणी साहित्यविचार सांगू नये. नुकसानही खरे आहे, आणि ते सोसतो धनगर. मेंढरू गेले तर भरपाईसाठी पंचनामा हवा. पंचनामा होईतो त्याचा वाडा पुढल्या मुक्कामाला गेलेला असतो. गोष्टीत मेंढरे गेल्यावर तात्पर्य येते आणि ऐकणारा झोपी जातो. ज्याची मेंढरे गेली त्याचे पुढे काय झाले, हे विचारायला गोष्ट थांबत नाही.

माझी खरी तक्रार मात्र आपणा ऐकणाऱ्यांविषयी आहे. पोर म्हणाला, लांडगा आहे; आणि तो नव्हता. आपण त्याच माळाला 'पडीक' म्हणतो, म्हणजे तिथे कोणीच नाही असे सांगतो. आणि तिथे लांडगा आहे, खोकड आहे, धनगराचे चराऊ रान आहे. हा शब्द एकदा चिकटला की माळावर झाडे लावायला, नांगर घालायला, कारखाना उभारायला कोणाची हरकत उरत नाही. भारतात हे लांडगे आता सुमारे तीन हजारच उरले आहेत. पुण्याजवळच्या माळावर तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकरही दिसून आला आहे. पोराच्या थापेने मेंढरे गेली. आपल्या थापेने माळच जायचा.

नातवाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, "तो तिथंच होता रे. पोर ओरडत होता, गाव धावत होतं, ते सगळं तो बांधाआडून बघत होता." नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग त्याला कोणी विचारलं का नाही?"

टीकाकार म्हणून एवढे नेमके मला पन्नास वर्षांत लिहिता आले नव्हते.