टाकणे : एक क्रियापद

गाण्याचा अर्थ विचारू नये, हा नियम मी जन्मभर पाळला. गाणं लागलं की मान डोलवावी, ध्रुवपद आलं की आपणही सूर लावावा आणि मधले शब्द 'ला ला'त भागवावेत. आमच्या गावाला तर याची परंपराच आहे. अठराव्या शतकातल्या सिराज औरंगाबादींची गझल कव्वाल आजही गातात, आणि उर्दूचं अक्षर न येणारे आम्ही सिडकोवासी अशी काही दाद देतो, की वाटावं सिराजमियाँ आमच्याच बिल्डिंगमध्ये राहत होते. (शहराचं नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं, सिराज मात्र औरंगाबादीच राहिले.)

पण गेल्या कोजागिरीला सोसायटीच्या सेक्रेटरींनी घात केला. 'दुधाआधी वीस मिनिटं काहीतरी साहित्यिक हवं,' म्हणून त्यांनी माझं नाव परस्पर फळ्यावर लिहिलं. मी निवृत्त हेडक्लार्क. पण माझ्या घरात पुस्तकांचं कपाट आहे, एवढा पुरावा त्यांना पुरला. विषय : महानोरांची गाणी.

विषय आमच्याच मातीतला. ना. धों. महानोर याच जिल्ह्यातल्या सोयगाव तालुक्यातले, पळसखेड्याचे शेतकरी. १९६७ साली त्यांच्या 'रानातल्या कविता' आल्या आणि दहा वर्षांनी, १९७७ साली, जब्बार पटेलांच्या 'जैत रे जैत'मधली गाणी. अजिंठ्याच्या डोंगरातल्या माणसानं सह्याद्रीतल्या ठाकरांसाठी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिलेली. त्यातलं एक गाणं गॅदरिंग म्हटलं की हमखास असतंच. त्यातली बाई रात्र टाकून देते आणि सापासारखी कातही टाकते. नाचणाऱ्या मुली या जागी एक गिरकी घेतात आणि पालक फोटो घेतात. अर्थाचं तेवढ्यावर निभावतं.

मी मात्र टिपण काढायला बसलो. रात्र म्हणजे अविद्या. कात म्हणजे देहबुद्धी. बाई म्हणजे जीवात्मा. तीन पानं झाली. चौथ्या पानावर कुंडलिनी जागृत होणार, एवढ्यात मेथी निवडत बसलेल्या आत्यानं विचारलं, "कोण गेलं रे?"

आत्या ऐंशीच्या घरातली, जन्म सोयगावकडचा. मला कळायला लागल्यापासून घरात एक वाक्य ऐकत आलो : 'आत्याला नवऱ्यानं टाकलं.' लग्नपत्रिकेत तिचं नाव कसं छापायचं, एवढ्या प्रश्नापुरतं ते बाहेर निघे आणि पुन्हा आत जाई.

"कुणी गेलं नाही, आत्या. गाण्याचा अर्थ लावतोय," म्हणून मी तिला मोबाइलवर ते गाणं ऐकवलं. तिनं दोनदा लावायला सांगितलं.

"तू कात टाकणारं जनावर पाहिलंस का कधी?"

"पाहिलं नाही. वाक्प्रचार माहीत आहे."

"मग त्यात रात्र कशाला आली ते तुला कसं कळावं? कात निघायच्या आधी जनावराला धड दिसत नाही. डोळे पांढुरके होतात, कुठंतरी दडून बसतं बिचारं. डोळ्यावरची कातसुद्धा निघावी लागते. ती निघाली की त्याला उजाडलं."

मी पेन खाली ठेवलं. मी ज्यांना दोन प्रतिमा समजत होतो, ती शेतकऱ्यानं सांगितलेली एकच गोष्ट होती. आणि मी बांध सोडून थेट वेदान्तात शिरलो होतो!

"आणि दुसरं," मेथीची काडी मोडत आत्या म्हणाली, "पिक्चर मी टीव्हीवर पाहिलाय. त्यातली चिंधी काही टाकलेली बाई नाही. तिनंच नवऱ्याला टाकलंय."

हेडक्लार्कच्या भाषेत सांगायचं, तर मराठीत 'टाकणे' हे क्रियापद नवऱ्याच्या नावावर नोंदलेलं आहे. बायकोच्या वाट्याला 'टाकलेली' हे विशेषण, तेही तहहयात. आपण शिकलेली माणसंसुद्धा हे व्याकरण कधी चुकत नाही. महानोरांनी एका गाण्यात ते क्रियापद बाईच्या नावावर करून दिलं. ती नवऱ्याचं नावही घेत नाही. रात्र टाकते, कात टाकते, मोडक्या संसाराची लाज टाकते. आणि पन्नास वर्षं होत आली, आपण त्यावर मुलींची कंबर नीट हलते की नाही ते बघतोय.

"आत्या, मग तुला..."

"मला कुणी टाकलं नाही रे. प्यायचा, मारायचा. एका पहाटे मीच पेटी उचलली नि निघाले. तसं चारचौघांत सांगायची तुझ्या बापाला लाज वाटली, म्हणून त्यानं वाक्य फिरवलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुणी अर्थ विचारला होता?"

कोजागिरीला टिपण घरीच राहिलं. मी साप सांगितला, क्रियापद सांगितलं. आत्याचं नाव घेतलं नाही. ती पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून दूध कधी येतंय ते बघत होती. आभार मानताना सेक्रेटरी म्हणाले, "वक्त्यांनी गाण्यावर चांगला प्रकाश टाकला."

आत्या शेजारच्या काकूंकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यानं कुठला? मी टाकला."