स्क्रीन लॉक झाल्यावर स्क्रिप्ट का थांबते? पायऑटोजीयूआयची चिकित्सा

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला एखादा तरी गट पायथॉनच्या पायऑटोजीयूआय लायब्ररीवर केलेले ऑटोमेशन घेऊन येतोच. एक्सेलमधली नावे उचलायची, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या फॉर्ममध्ये भरायची, सेव्ह दाबायचे. समोर बसून पाहताना छान वाटते. "हे रात्री आपोआप चालेल का?" असे विचारले की उत्तर येते, "हो मॅडम, फक्त स्क्रीन लॉक होता कामा नये." माझा आक्षेप या 'फक्त'ला आहे.

विंडोजमध्ये लॉक म्हणजे चालू खिडक्यांवर टाकलेले नुसते पांघरूण नव्हे. एका सेशनमध्ये एकाहून अधिक डेस्कटॉप असतात. आपले प्रोग्रॅम 'डिफॉल्ट' या डेस्कटॉपवर असतात. पासवर्ड विचारला जातो तो 'विनलॉगऑन' या वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर. मशीन लॉक झाले की कीबोर्ड-माउसचे इनपुट आपल्या खिडक्यांपर्यंत पोहोचत नाही. प्रोग्रॅम मात्र बंद पडत नाहीत. फाइल वाचणे, आकडेमोड, नेटवर्क हे सगळे सुरूच राहते.

पायऑटोजीयूआय नेमकी तुटलेल्या दुव्यावर उभी आहे. कोणत्या खिडकीत कोणते बटण आहे हे तिला ठाऊक नसते. ती माणसासारखा माउस हलवते आणि कळा दाबते. चित्रावरून बटण शोधायचे तर स्क्रीनशॉट लागतो, आणि लॉक असताना तो काळा येतो किंवा मिळतच नाही. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. विंडोजवर कळा दाबण्यासाठी ही लायब्ररी 'कीबीडी-इव्हेंट' हे जुने फंक्शन वापरते, आणि ते काहीच परत देत नाही. कळ पोहोचली की हवेत विरली, स्क्रिप्टला कळायला मार्ग नाही. ती शांतपणे पुढची ओळ चालवू शकते आणि शेवटी "काम पूर्ण" असे छापू शकते.

लायब्ररी टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. दहा ओळींत काम दिसते, लिनक्स आणि मॅकवरही चालते; शिकण्यासाठी उत्तमच. पण लॉकवर जे उपाय सुचवले जातात ते मला धोक्याचे वाटतात. माउस खोटा हलवत ठेवणे किंवा लॉकच काढून टाकणे म्हणजे चावी दाराला लावून झोपणे. रिमोट डेस्कटॉप सोडताना 'टीएसकॉन'ने सेशन कन्सोलवर ढकलले की स्क्रिप्ट चालते खरी, पण त्या मशीनसमोर बसणाऱ्याला उघडा डेस्कटॉप मिळतो.

खरे तर आधी विचारावे, स्क्रीनची गरजच आहे का? एक्सेलची फाइल ओपनपायएक्सेलने थेट वाचता येते, एक्सेल न उघडता. वेबपानासाठी सेलेनियम आणि हेडलेस क्रोम आहे. जुन्या डेस्कटॉप प्रोग्रॅमपुढे इलाज नसेल तर पायविनऑटो पाहावी. तिच्यातले 'क्लिक' खिडकीला थेट संदेश पाठवते, 'क्लिक-इनपुट' खरा माउस हलवते. लॉकमागे पहिले बहुधा चालते, दुसरे नाही. स्वतःची बटणे स्वतःच रंगवणारे प्रोग्रॅम पहिल्यालाही दाद देत नाहीत, तेव्हा प्रयोग करूनच ठरवावे.

यंदा मी परीक्षेत एवढेच करणार आहे: स्क्रिप्ट सुरू झाली की विंडोज आणि एल दाबायचे, पाच मिनिटांनी लॉक उघडून डेटाबेसमधल्या नोंदी मोजायच्या.