निघणाऱ्याचं पुस्तक

परदेशात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला गेलेल्या लोकांची पुस्तकं मी शेवटाकडून वाचते. म्हणजे पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं प्रकरण काढते आणि हा माणूस तिथून निघाला कसा, ते बघते. पहिल्या दिवसाचं वर्णन सगळ्यांना जमतं. हवा वेगळी, जेवण वेगळं, आपलं नाव कुणाला नीट उच्चारता येत नाही, मुलं खिडकीतून डोकावताहेत. नवखेपणच ते लिहून देतं. शेवटच्या आठवड्यात मात्र पंचाईत होते. मुलं रडतात, भेटवस्तू देतात, फोटो काढतात, आणि ‘मी इथे नेमकं काय केलं?’ या प्रश्नाचं उत्तर त्या रडण्यातून आयतं मिळून जातं. पुष्कळ लेखक तेवढं घेऊन विमानात बसतात.

पीटर हेस्लरचं ‘रिव्हर टाउन’ २००१ साली आलं. ते मला परत परत वाचावंसं वाटतं, ते त्याच्या शेवटासाठी. त्या शेवटाशी माझं भांडणही आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९६च्या ऑगस्टमध्ये हेस्लर आणि त्याचा सहकारी ॲडम मायर अमेरिकेच्या ‘पीस कोअर’तर्फे चीनमधल्या फूलिंगला पोचले. यांगत्से आणि वू या दोन नद्यांच्या संगमावरचं, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं शहर. रेल्वे नाही, येणंजाणं बोटीनं. शिक्षक घडवणाऱ्या एका कॉलेजात दोघांनी दोन वर्षं इंग्रजी शिकवायचं होतं. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरचे. तीन वर्षं शिकून ते परत खेड्यापाड्यातल्या शाळांत इंग्रजी शिकवायला जाणार होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल: हा माणूस शिक्षकांना शिकवत होता. तो जाणार होता आणि ते राहणार होते.

फूलिंगमध्ये हेस्लरचं चिनी नाव होतं हो वेई. पुस्तकात तो या दोघांकडे दोन वेगळी माणसं म्हणून बघतो. हो वेई जरा मठ्ठ, अडखळत बोलणारा, पण लोकांना आवडणारा, चहाच्या दुकानात कुणाशीही गप्पा मारणारा. पीटर हेस्लर खोलीत बसून लिहिणारा. मला हा पुस्तकातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो, कारण करार संपल्यावर अमेरिकेला परत जाणारा एकटा पीटर आहे. हो वेईला घेऊन जाता येत नाही.

आता तो प्रसंग. निघायची वेळ जवळ आलेली असते. दोघं ठरवतात की आठवण म्हणून शहराचं व्हिडिओ चित्रण करायचं. कॅमेरा घेऊन बाजारात जातात. गर्दी जमते, हे नेहमीचंच. पण या वेळी एक माणूस अडवतो आणि जाब विचारतो. आवाज चढतात, गर्दी आवळत जाते, धक्काबुक्की होते आणि दोघांना तिथून सटकावं लागतं. दोन वर्षांत शिकलेली सगळी भाषा, हो वेईचा सगळा चांगुलपणा, काही उपयोगाला येत नाही. त्या गर्दीसाठी ते कॅमेरावाले दोन परदेशी असतात, बस.

हा प्रसंग गाळता आला असता. फूलिंगचा निरोप गोड झाला असता, कुणाला पत्ता लागला नसता. हेस्लरनं तो ठेवला, आणि पुस्तकाच्या मध्यावर न ठेवता निघण्याच्या तोंडावर ठेवला, जिथे वाचक रुमाल काढून बसलेला असतो. यासाठी त्याला मानलं पाहिजे.

भांडण यापुढे सुरू होतं. हेस्लर चांगला पत्रकार आहे, त्यामुळे त्याला गर्दी समजून घ्यायची असते. लोक असे का वागले असतील, याची कारणं तो शोधतो, आणि ती पटतातही. पण अडवणाऱ्या माणसाचा मूळ प्रश्न राहूनच जातो. हे चित्रण कशासाठी? कोण बघणार आहे? प्रश्न अगदी रास्त आहे. आणि थोडं थांबून विचार केला तर जाणवतं की हातातलं पुस्तक हाही एक कॅमेराच आहे. तोही त्याच गल्ल्यांतून फिरला आणि लांबच्या लोकांना दाखवण्यासाठी परत गेला. बाजारातला तो माणूस वहीला अडवू शकला नाही, एवढंच.

मी हे इतक्या ठामपणे म्हणते याला कारण आहे. पुण्यात महापालिकेच्या एका शाळेत मी दोन वर्षांची फेलोशिप केली. परदेश नाही, पण मुलांच्या वस्तीपासून माझं घर तसं परदेशाइतकंच लांब होतं. शेवटच्या तासाला मी मुलांना मला पत्रं लिहायला लावली. रंगीत कागद आणले होते. सगळ्यांनी लिहिली, काही जणी रडल्या, मी फोटो टाकला, लाइक्स आले. एका मुलीनं मात्र कागद कोरा ठेवला आणि विचारलं, ‘दीदी, जूनमध्ये कोण येणार?’ मला माहीत नव्हतं. मी तिला मिठी मारली. उत्तर नसलं की मिठी बरी पडते. तो तास मी माझ्यासाठी घेतला होता, हे कळायला मला ‘रिव्हर टाउन’ दुसऱ्यांदा वाचावं लागलं.

तेव्हापासून अशा प्रत्येक पुस्तकाला मी हाच प्रश्न विचारते. बरीच पुस्तकं नापास होतात.

सुकी किमचं २०१४चं पुस्तक घ्या. २०११मध्ये प्याँगयांगच्या एका विद्यापीठात, उत्तर कोरियातल्या वरच्या वर्तुळातल्या घरांमधल्या मुलांना तिनं इंग्रजी शिकवलं. ती लेखक आहे आणि टिपणं लपवून ठेवते आहे, हे मुलांना ठाऊक नव्हतं. ती निघायच्या बेतात असताना किम जोंग-इलच्या मृत्यूची बातमी जाहीर झाली, १९ डिसेंबर २०११ला. निरोपाच्या जागी राष्ट्रीय शोक आला. मुलांचे चेहरे कोसळलेले आणि त्यांच्याशी खरं बोलायची सोय तिला नाही. पुस्तक विलक्षण आहे, पण ते वाचताना माझ्या पोटात गोळा येतो, कारण मागे राहिलेल्या मुलांना या पुस्तकाची काय किंमत मोजावी लागली असेल, ते आपल्याला कळायचा मार्ग नाही. किमनं नावं, तपशील बदलले. शोधपत्रकारिता असलेलं हे लेखन प्रकाशकानं आठवणी म्हणून विकलं, अशी तिची तक्रार होती; २०१६मध्ये तिनं त्यावर लेखही लिहिला. तक्रार मला पटते. मुलांबद्दलची काळजी त्यामुळे कमी होत नाही.

जेमी झेपाची गोष्ट उलटी. भूतानमध्ये शिकवायला गेलेली ही कॅनडाची मुलगी तिथल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रेमात पडते, त्यांना मुलगा होतो, लग्न होतं आणि निघण्याची तारीख पुढे सरकते. पुस्तक लोभस आहे. पण शिक्षिकेनं विद्यार्थ्यावर प्रेम करणं ते जितक्या सहज घेतं, तितक्या सहज मला घेता येत नाही. असो.

हेस्लरकडे परत येते, कारण या तिघांत माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडेच थोडंफार सापडतं. फूलिंग सोडल्यावरही तो विद्यार्थ्यांना पत्रं, मग ईमेल, मग प्रश्नावल्या पाठवत राहिला. २०१९मध्ये तो सहकुटुंब सिचुआनला परतला आणि विद्यापीठात पुन्हा शिकवू लागला. २०२४च्या ‘अदर रिव्हर्स’मध्ये जुने विद्यार्थी भेटतात: पन्नाशीकडे झुकलेले, त्यांतले बरेच वर्षानुवर्षं वर्गात उभे राहिलेले शिक्षक. जूनमध्ये कोण येणार, याचं फूलिंगपुरतं उत्तर हेच होतं. ती मुलंच गेली, आपापल्या तालुक्यातल्या शाळांत. आणि आता पुस्तकात त्यांना हेस्लरबद्दल काय वाटतं, तेही येतं. कॅमेरा थोडा तरी वळला.

फूलिंग मात्र तेच राहिलं नाही. थ्री गॉर्जेस धरणाचं पाणी चढलं आणि खालचा भाग बुडाला. नदीतला व्हाइट क्रेन रिज नावाचा कोरीव लेखांचा खडक एरवी फक्त हिवाळ्यात, पाणी ओसरलं की दिसायचा. आता तो पाण्याखालच्या संग्रहालयात काचेतून बघावा लागतो. कोयना किंवा नर्मदेच्या काठची बुडालेली गावं ज्यांच्या घरात निघतात, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

या दुसऱ्या खेपेचा शेवट पहिल्यासारखा झाला नाही. पहिल्यांदा निघण्याची तारीख करारात होती, धक्क्यावर विद्यार्थी उभे होते, बोट होती. २०२१मध्ये विद्यापीठानं त्याचा करार वाढवलाच नाही. त्याला राहायचं होतं. त्याच्याआधी, २०२०च्या जानेवारीत, पीस कोअरनं चीनमधलं काम बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. १९९३पासून कुणी ना कुणी येत होतं. आता कुणी येणार नव्हतं.