पोचपावती कुणी द्यायची? एनएफएसवरच्या मेलपेटीबद्दल

गिरगावच्या चाळीत कुणाचं रजिस्टर पत्र आलं आणि घरी कुणी नसलं, तर शेजारच्या काकू सही करून घ्यायच्या. पोस्टमनचं काम संपलं. पुढं ते पाकीट काकूंच्या खिडकीतून उडालं, तर पाठवणाऱ्याला कळणार कसं? त्याच्याकडे पोचपावती आहेच की.

ईमेलमध्ये ही सही म्हणजे सर्व्हरचं '२५०' हे उत्तर. १९८२च्या एसएमटीपीपासून अर्थ हाच: २५० म्हटलंत, की पत्राची जबाबदारी तुमची. आता मेलपेटी ठेवली दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर, एनएफएसनं जोडून. तिकडे एक्सपोर्ट 'असिंक' असेल, तर डेटा मेमरीत असतानाच ते मशीन "लिहिलं" म्हणून कळवतं. आपला सर्व्हर विश्वासानं २५० देतो. तेवढ्यात तिकडची वीज गेली, की पत्र गेलं. बाउन्सही येत नाही. एफसिंक केलं होतं हो, पण खोटं बोलणाऱ्याला शपथ घालून काय उपयोग! लिनक्सवर एके काळी असिंक हीच मूळ सेटिंग होती. नंतर ती बदलली.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "मेलडिर वापरा, एनएफएसवर चालतं." मला हे अर्धंच पटतं. जुन्या एमबॉक्समध्ये सगळी पत्रं एकाच फाइलीत, म्हणून कुलूप लागायचं. आणि एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत 'फाइल नसेल तरच बनव' हे काम एका फटक्यात होत नसे, त्यामुळे कधी दोघांनाही वाटायचं की कुलूप आपणच लावलंय. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसाठी मेलडिर आणलं: प्रत्येक पत्राची वेगळी फाइल, आधी 'टीएमपी'त लिहायची, पूर्ण झाली की 'न्यू'मध्ये. कुलूपच नको. कल्पना सुरेख आहे, वादच नाही. पण तिनं दोन लिहिणाऱ्यांमधलं भांडण मिटवलं. असिंकचा खोटेपणा तसाच राहिला.

शिवाय आज डवकॉट मेलडिरसोबत इंडेक्स फाइली ठेवतो. दोन मशीन एकाच माणसाच्या पेटीत शिरली, की एनएफएसची कॅश आडवी येते. लिनक्सच्या मूळ सेटिंगप्रमाणे डिरेक्टरीची माहिती ३० ते ६० सेकंद शिळी असू शकते. इंडेक्स बिघडायला तेवढं पुरतं.

परळ-लालबागच्या दोन मशीनच्या ऑफिसलाही मी हेच सांगेन: डिस्क जिथं आहे तिथंच डिलिव्हरी करा. दारातल्या मशीननं पत्र स्वतःच्या डिस्कवरच्या रांगेत धरावं, एलएमटीपीनं आत द्यावं, आणि आतलं २५० आल्यावरच रांगेतून काढावं. तोवर निदान एक्सपोर्ट्सच्या फाइलीत 'असिंक' लिहिलंय का, ते घरी गेल्यावर पाहा.