'घोटी' म्हणजे मासा?

इंग्रजी स्पेलिंगची थट्टा करताना एक उदाहरण हमखास दिले जाते. 'इनफ'मधील जीएच म्हणजे 'फ', 'विमेन'मधील ओ म्हणजे 'इ', 'नेशन'मधील टीआय म्हणजे 'श'. म्हणून जी-एच-ओ-टी-आय याचा उच्चार 'फिश'! ही कोटी बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपते. प्रत्यक्षात ती १८५५ सालच्या एका पत्रात आढळते. शॉ जन्मले १८५६ मध्ये.

विनोद म्हणून ती झकास आहे, पुरावा म्हणून लंगडी. शब्दाच्या आरंभी जीएचचा 'फ' कधीच होत नाही ('घोस्ट' पाहा), आणि शब्दाच्या शेवटी टीआयचा 'श' होत नाही. म्हणजे उच्चार अक्षराच्या जागेवरही अवलंबून असतो.

अनुच्चारित अक्षरांनाही इतिहास आहे. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधील के आणि जीएच चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळी, उच्चारले जात. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला. पुढे स्पेलिंग हळूहळू स्थिरावले; उच्चार, विशेषतः दीर्घ स्वर, बदलत राहिले. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधील बी मात्र कधीच उच्चारला जात नव्हता. विद्वानांनी तो लॅटिन मूळ दाखवण्यासाठी घुसडला.

आपणही 'घर'मधील शेवटचा 'अ' गाळतो, 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' वेगळा उच्चारतो. त्याला कोणी वेडेपणा म्हणत नाही.

'इंग्रजीला नियमच नाहीत' असे वर्गात सांगितले, की मुलांपुढे घोकंपट्टीखेरीज मार्ग उरत नाही. कोटी जरूर सांगावी. ती कोठे फसते, ते मुलांनाच शोधू द्यावे.