सरावलेले डोळे

आरे कॉलनीवर लिहिताना ‘आपले डोळे सरावले’ हे वाक्य फार लवकर हाताशी येते. ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री तिथे मेट्रो कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. पुढे त्या उघड्या जमिनीकडे कुणी वळून पाहीनासे झाले, की दोष डोळ्यांचा! या तक्रारीशी माझे भांडण नाही. तिच्यातल्या शरीरशास्त्राशी आहे.

डोळा अंधाराला सरावतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तो उजेडाच्या चढउतारालाही सरावतो, हे फारसे बोलले जात नाही. आरेतून पवईकडे जाताना झाडांखाली ऊन-सावली भराभर बदलते. ढगाळ जुलैत तोच रस्ता एकसारखा करडा असतो.

स्मिर्नाकिस, बेरी, वॉरलँड, बियालेक आणि माइस्टर यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये सॅलमँडर आणि ससा यांच्या, शरीराबाहेर काढून जिवंत ठेवलेल्या दृष्टिपटलांवरचे प्रयोग मांडले. पडद्याचा सरासरी उजेड तोच ठेवून फक्त लुकलुकण्यातला चढउतार वाढवला. गँग्लिऑन पेशींचे संदेश एकदम वाढले आणि मग हळूहळू ओसरले. चढउतार कमी करताच ते मंदावले, पण तसेच राहिले नाहीत, सावकाश सावरले. मेंदू जोडलेलाच नव्हता, म्हणजे हा सराव मनाचा नव्हे. शिवाय तो सेकंदांत मोजायचा. वर्षांचे विसरणे त्याच्या नावावर कसे टाकणार?

मुख्य म्हणजे, सरावणे म्हणजे बोथट होणे नव्हे. भोवतालचा चढउतार घटला की पेशी लहान फरकांना अधिक दाद देऊ लागते. करड्या गवतातला बिबट्याचा कान वेगळा दिसायला अशीच तयारी लागते.

प्रयोगात एक उणीव मात्र जाणवते. लुकलुक यादृच्छिक होती आणि दृष्टिपटल स्थिर. जिवंत प्राण्याचे डोळे सतत हलतात. समोरचा निम्मा चढउतार पाहणाराच घडवत असतो, असे म्हटले तरी चालेल.

पुढचे काम त्याहून रंजक आहे. २०११ साली कास्टनर आणि बॅकस यांनी दाखवले, की काही गँग्लिऑन पेशी नेमके उलट वागतात: मोठा चढउतार संपताच इतर पेशी थंडावतात, तेव्हा या अधिक तीक्ष्ण होतात. सावल्यांची धांदल मागे टाकून उघड्यावर आल्यावर पहिले काही क्षण फिकट गोष्टी टिपण्याचे काम त्यांच्याकडे असते.